कार्यनोंद आणि क्लाउड यांची सांगड

कामाची जबाबदारी कोणाकडे, मुदत किती आणि प्रगती कोठवर, याची नोंद ठेवणाऱ्या संगणक-प्रणालींपैकी ‘जिरा’ ही एक होय. सिडनीच्या अ‍ॅटलासियन कंपनीने ती २००२ साली आणली. दूरस्थ संगणक भाड्याने देणाऱ्या ‘अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेस’ या क्लाउड सेवेचे मुंबई केंद्र २०१६ मध्ये सुरू झाले. या दोहोंची सांगड घातल्यास मंजुरी आणि कार्यवाही यांतील विलंब टळतो.

तिची रीत सोपी आहे. नोंदीवर ‘मंजूर’ असा शेरा पडताच जिरा क्लाउडकडे संदेश धाडते. या संदेशास ‘वेबहूक’ म्हणतात. क्लाउडमधील ‘एपीआय गेटवे’ तो स्वीकारतो. त्यानंतर ‘लॅम्डा’ सेवेवरील छोटा प्रोग्राम मागितलेला संगणक वा साठवणजागा सिद्ध करतो आणि पूर्ततेचा शेरा मूळ नोंदीत लिहितो.

मात्र तीन गोष्टींची दक्षता आवश्यक आहे. पहिली, संदेश खरोखर जिराकडूनच आला आहे, हे गुप्त संकेताने पडताळावे. दुसरी, प्रोग्रामला नेमून दिलेल्या कामापुरतेच अधिकार असावेत. तिसरी, उत्तर न मिळाल्यास तोच संदेश पुन्हा येऊ शकतो. म्हणून आवक क्रमांकाप्रमाणे नोंदीचा क्रमांक तपासावा. अन्यथा एकाच मंजुरीवर दोन संगणक सुरू होतील आणि त्यांचे भाडे चढत राहील.

यंत्र आज्ञा पाळते. आज्ञा योग्य होती काय, याचे उत्तरदायित्व मंजुरी देणाऱ्याचेच राहते.