इंजिन बदलताना प्रोपेलर शाफ्टचा विचार

स्मरणिकेत आठवणींना व सत्कारांना अग्रस्थान असावे, हे योग्यच. तथापि आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांचा संसार आज चाकांवर चालतो. कोणी गाडी चालवितो, कोणी गॅरेज चालवितो, तर कोणी कर्ज काढून जुनी जीप घेतलेली असते. त्यांच्यासाठी व त्यांच्या गाडीत विश्वासाने बसणाऱ्या सर्वांसाठी हे विवेचन आम्ही करीत आहोत.

साकोली राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 53 वर वसलेली असल्याने मोटारीचे यंत्र आपल्याला परके नाही. भंडाऱ्याच्या वाटेवर गडेगाव येथे अशोक लेलँडचा कारखाना 1982 पासून आहे व तेथे गिअरबॉक्स तयार होतात. त्या गिअरबॉक्समधून निघालेली शक्ती मागील चाकांच्या धुरीपर्यंत नेणारी पोकळ पोलादी नळी म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. जुन्या पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसविण्याची रीत आपल्याकडे बरीच रूढ आहे. नवे इंजिन आले की गिअरबॉक्स काही सेंटिमीटर मागेपुढे सरकतो आणि जुना शाफ्ट लांब किंवा आखूड पडतो. मग तो कापून, जोडून किंवा नव्याने घडवून घ्यावा लागतो. इंजिनावर मोठी रक्कम खर्चून झाल्यावर येथेच काटकसर केली जाते आणि धोक्याचा प्रारंभही येथेच होतो.

पहिली बाब मापाची. गाडी जॅकवर उचललेली असताना धुरी खाली लोंबते व माप चुकते. म्हणून चारही चाके जमिनीवर टेकलेली आणि पाट्यांवर गाडीचे वजन आलेले असतानाच माप घ्यावे. खड्ड्यात चाक वरखाली होते, तेव्हा गिअरबॉक्स व धुरी यांतील अंतर बदलते. हा फरक सामावून घेण्यासाठी शाफ्टला दातेरी सरकता सांधा असतो. त्याला दोन्ही बाजूंनी सरकण्यास वाव हवा. शाफ्ट लांब झाला तर तो गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर आदळतो. आखूड झाला तर सांधा निसटू शकतो.

दुसरी बाब कोनाची. गॅरेजमध्ये ज्याला 'क्रॉस' म्हणतात, तो सांधा तिरप्या स्थितीत समान वेगाने फिरत नाही. गिअरबॉक्सकडून मिनिटाला 3000 फेरे येत असतील व कोन 10 अंशांचा असेल, तर पुढील भागाचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा 2954 ते 3046 यांच्या दरम्यान हेलकावतो. कोन 3 अंशांचा असेल तर हाच फरक 2996 ते 3004 इतका अल्प राहतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा हेलकावा रद्द करतो, परंतु दोन अटींवर: दोन्ही कोन समान असावेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत असावेत. जोडताना एक योक जरी फिरला, तरी कंप नाहीसा होण्याऐवजी वाढतो. कोन अगदी शून्यही नसावा, कारण मग क्रॉसमधील सुईसारखे रोलर एकाच जागी दाबले जाऊन तेथे खाचा पाडतात.

तिसरी बाब समतोलाची. वेल्डिंगच्या उष्णतेने नळी किंचित वाकते. ती लेथवर फिरवून डायल गेजने तपासावी व नंतर यंत्रावर तिचे बॅलन्सिंग करून घ्यावे. अक्षापासून 40 मिलिमीटरवर अवघे 30 ग्रॅम वजन जास्त असले, तरी 3000 फेऱ्यांना सुमारे 12 किलो वजनाइतका ओढा प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलीत बेअरिंगवर पडतो. वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. लांबीचाही असाच हिशेब आहे. त्याच नळीची लांबी एक दशांशाने वाढविली, तर ज्या वेगाला ती दोरीसारखी झुलू लागते तो वेग सुमारे 17 टक्क्यांनी खाली येतो. म्हणूनच लांब गाड्यांत शाफ्टचे दोन तुकडे करून मध्ये सेंटर बेअरिंग देतात.

शाफ्टच्या पुढील टोकाखाली लोखंडी सुरक्षापट्टी अवश्य बसवावी. धावत्या गाडीत पुढचा क्रॉस तुटला, तर शाफ्टचे टोक रस्त्यात रुतून गाडी उलटू शकते. पट्टी असल्यास ते खाली पडत नाही. शिवाय मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 अन्वये अशा बदलास नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता लागते व नोंदणी प्रमाणपत्रात त्याची नोंद करावी लागते. तिच्यावाचून अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येण्याचा संभव असतो.

पालकांना व वाहनमालकांना यातील सर्व गणित अवगत असण्याची आवश्यकता नाही. गाडी ताब्यात घेताना तीन प्रश्न मात्र अवश्य विचारावेत: माप वजनावर घेतले काय? दोन्ही कोन मोजले काय? बॅलन्सिंग कोठे झाले? जाणकार कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाही. आपले काम कोणी समजून घेत आहे, याचे त्यास समाधानच वाटते. आमचे जे विद्यार्थी आज वेल्डिंगच्या झोतापुढे किंवा लेथपाशी उभे आहेत, त्यांनी तर कोणी विचारण्यापूर्वीच ही तीन उत्तरे बिलावर लिहून द्यावीत.