किल्ल्यावर सगळे आहेत, शत्रू कुठाय?

दिवाळीच्या किल्ल्यावरची एकदा हजेरी घ्या. सिंहासनावर महाराज. बुरुजावर ढाल-तलवारवाले मावळे, एक तोफवाला, पायथ्याशी डोक्यावर हंडा घेतलेली गवळण, गुहेत वाघ. वाघ मावळ्याच्या दुप्पट, आणि गाय महादरवाजातून आत जाणं केवळ अशक्य. प्रमाणाचं आपण कधी मनावर घेतलेलं नाही. पण खरी गंमत पुढेच आहे. एवढी फौज डोळ्यांत तेल घालून पहारा देतेय तो कुणाविरुद्ध? शत्रूच नाही! कल्याणच्या बाजारात मावळ्यांच्या ढिगात हात घालून ‘कंपनीचा गोरा सोल्जर आहे का?’ असं विचारून बघा. दुकानदार आधी तुमच्याकडे बघेल, मग पुढच्या गिऱ्हाइकाकडे.

इंग्लंड-अमेरिकेत असाच एक छंद आहे, फक्त तिथे शत्रूवाचून पान हलत नाही. टेबलावर डोंगर-नद्या मांडायच्या, दोन्हीकडचं सैन्य स्वतः रंगवायचं, चाल मोजपट्टीने मोजायची आणि गोळी लागली की नाही ते फाशांवर ठरवायचं. याला म्हणतात वॉरगेमिंग. त्यातला चलनी सैनिक २८ मिलिमीटरचा, म्हणजे दहा रुपयांचं नाणं उभं धरलं तर जेमतेम तेवढा. वसाहतकाळातल्या लढायांचे शौकीन तर पुष्कळ, आणि त्यांच्या यादीत आपल्या जालना जिल्ह्यातली असईही आहे. २३ सप्टेंबर १८०३, शिंदे-भोसल्यांची फौज विरुद्ध आर्थर वेलस्ली. त्या दिवशी वेलस्लीच्या मांडीखालच्या दोन घोड्यांवर घाव बसले. विलायतेतला कुणी आजोबा भिंग लावून शिंद्यांच्या गोलंदाजाचा फेटा रंगवत बसलेला असतो, आणि आपल्याला असईला जायचा रस्ता विचारावा लागतो.

या खेळाचं मूळ शोधायला गेलं तर गाडी आपल्याच दारात येते. चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. त्याचं बुद्धिबळ होऊन ते युरोपात पोचलं आणि जर्मनीतल्या ब्रुन्सविकच्या हेलविग नावाच्या शिक्षकाने त्याच पटावर टेकड्या, नद्या आणि तोफा चढवून नवा युद्धखेळ छापला. साल १७८०.

आता हे साल कल्याणकरांनी जरा जपून ठेवावं. कारण हेलविग पटावर लढत होता, त्याच वर्षी इथे खरंखुरं चाललं होतं. इंग्रजांच्या कॅप्टन रिचर्ड कॅम्पबेलने कल्याण घेतलं होतं, आणि ते परत मिळवायला नाना फडणवीसांनी मोठी फौज धाडली. मराठ्यांच्या हाती फाइफ नावाचा एक इंग्रज अधिकारी लागला. त्यालाच तटाशी पाठवून निरोप दिला गेला, गाव सोडा, नाहीतर कैद्यांची खैर नाही. कॅम्पबेलचं उत्तर साधारण असं की घेता येत असेल तर या आणि घ्या. मराठे हल्ल्याच्या तयारीत असतानाच मे महिन्याच्या अखेरीस हार्टली हा इंग्रज अधिकारी कुमक घेऊन पोचला आणि वेढा उठला. वर्षअखेर, डिसेंबरात, भिवंडीपलीकडे दुगाडच्या टेकड्यांत दाट धुक्यात पुन्हा गाठ पडली. मराठ्यांचे सेनापती रामचंद्र गणेश तिथे पडले, आणि त्यांच्या तोफखान्यावरचा नरोन्हा नावाचा पोर्तुगीज अधिकारी जखमी झाला. धुकं, टेकड्या, ऐनवेळची कुमक, परका तोफवाला! टेबलावर मांडायला याहून काय हवं? पण दुगाडचा देखावा केलेला किल्ला मी आजवर पाहिलेला नाही.

वॉरगेमिंगच्या छंदाला पुस्तकात बसवलं ते कादंबरीकार एच. जी. वेल्सने, १९१३च्या ‘लिटल वॉर्स’मध्ये. गृहस्थ जमिनीवर पालथा पडून स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने शिशाचे शिपाई पाडायचा. नऊ यार्डांवरून दहातले नऊ नेम लागतात अशी त्याची बढाई होती. शिपाई बहुधा ब्रिटन कंपनीचे, ५४ मिलिमीटर उंचीचे. या कंपनीची १८९३ची युक्ती फार सुंदर आहे. साच्यात वितळलेलं शिसं ओतायचं, कडेचं थिजलं की मधलं पातळ शिसं उलटं करून काढून घ्यायचं. सैनिक पोकळ, म्हणून हलका, म्हणून स्वस्त.

चर्चिलकडे लहानपणी खेळण्यातले सुमारे १५०० सैनिक होते. १८९६मध्ये तो खराखुरा सैनिक होऊन मुंबईला आला, ससून डॉकवर उतरतानाच खांदा निखळवून घेतला आणि आगगाडीने पुण्याच्या छावणीत गेला. पुण्याची गाडी म्हणजे वाटेत कल्याण आलंच. त्याने खिडकीतून इथल्या दुर्गाडी किल्ल्याकडे बघितलं की नाही, देव जाणे.

दुर्गाडीवरून आठवलं. महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली ती २४ ऑक्टोबर १६५७ला, वसुबारसेच्या दिवशी. इथल्या खाडीत पुढे मराठी आरमाराची गलबतं बांधली गेली. म्हणजे विटांवर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकून, अळीव पेरून आपण दिवाळीत किल्ला मांडतो, तो निदान कल्याणात तरी अगदी मुहूर्तावर असतो.

रंगकामाची एक गोष्ट सांगायलाच हवी. वॉरगेमवाले आधी अस्तर देतात, मग मूळ रंग, मग शाईसारखा पातळ गडद रंग सोडतात. तो कपड्यांच्या चुण्यांत जाऊन बसतो आणि सावली आपोआप तयार होते. डोळे त्यांच्यातले बरेचजण सुरुवातीलाच उरकून घेतात, कारण हात चुकला तर वरून चेहऱ्याचा रंग फासता येतो. आपल्याकडे गणपतीच्या कारखान्यात बरोबर उलट: आखणी सगळ्यात शेवटी, आणि ती करणारा हात वेगळा, मानाचा. बाजारातल्या मावळ्याला मात्र दोन टिंबं आणि मिशीचा एक फटकारा. तरी तो रागीट दिसतो, हे त्या फटकाऱ्याचं कसब.

गेल्या दिवाळीत मी ठरवलं, शत्रू आपणच बनवायचा. चार मावळे घेतले. १७८०च्या सुमाराचा मुंबई फौजेतला शिपाई म्हणजे अंगात लाल कोट, छातीवर पांढरे पट्टे, खाली आखूड चड्डी आणि डोक्याला पगडीवजा टोपी. कॅम्पबेल-हार्टलीच्या हाताखाली लढणारे बहुतेक शिपाई असे देशीच, त्यात आपल्या कोकणातले मराठे, महार आणि बेने इस्रायलीही. त्यामुळे चेहऱ्याला हात लावायची गरजच पडली नाही, मिशीसुद्धा तीच ठेवली. तलवार पॉलिशपेपरने घासून टाकली, झाडूच्या काडीची बंदूक चिकटवली, शून्य नंबरच्या ब्रशने पट्टे ओढले. चौघांना खंदकापलीकडे रांगेत उभं केलं.

शेजारचा सात वर्षांचा मुलगा बराच वेळ उकिडवा बसून बघत होता. म्हणाला, ‘‘काका, किल्ल्यावर बॅण्डवाले कशाला? कुणाचं लग्न आहे?’’