ना एक पाई, ना एक भाई

चार हुतात्मा चौकातून जाताना आपण मुलांना कुर्बान हुसेन यांचे नाव आवर्जून सांगतो. मे 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि 'गझनफर' चालवणारे अब्दुल रसूल कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. रस्त्यावर लष्कर आले की घरातल्या बाईवर काय गुदरते, हे या गावाला तेव्हाच कळले होते.

मार्शल लॉला नऊ वर्षे झाली आणि 3 सप्टेंबर 1939 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर करून टाकले. इथल्या कोणालाही विचारले नाही. माणसे आपली, पैसा आपला, निर्णय मात्र त्यांचा. त्यातूनच 'ना एक पाई, ना एक भाई' ही घोषणा घुमली. 2 ऑक्टोबरला मुंबईच्या सुमारे 90 हजार गिरणी कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला.

या युद्धविरोधात पुढे असलेल्या एक म्हणजे गोदावरी परुळेकर. पूर्वाश्रमीच्या गोखले, पुण्यात जन्मलेल्या, कायद्याच्या पदवीधर. मुंबईत त्यांनी घरकाम करणाऱ्यांना संघटित केले होते. युद्धविरोधी चळवळीमुळे 1940 मध्ये त्यांना अटक झाली. 1942 पर्यंत त्या तुरुंगात होत्या.

गांधीजींचा मार्ग वेगळा होता. 17 ऑक्टोबर 1940 रोजी पवनारला विनोबा भावे यांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. सत्याग्रहीने कधी, कुठे बोलणार ते आधी मॅजिस्ट्रेटला कळवायचे, ठरल्या वेळी उभे राहून युद्धाला मदत करू नका असे सांगायचे आणि तुरुंगात जायचे. घरच्या बाईच्या दृष्टीने या आगाऊ कळवण्याचा अर्थ काय, याचा विचार करावा. पोलीस अचानक दारात येत नाहीत. मूल कोणाकडे ठेवायचे, सासूचे औषध कोण आणणार, हे सगळे आधी ठरवून, डबे भरून, मगच घराबाहेर पडायचे. मला त्या भाषणापेक्षा त्याच्या आदल्या रात्रीचे धैर्य मोठे वाटते. 20 हजारांहून अधिक लोकांनी शिक्षा भोगली. अरुणा आसफ अली, सुचेता कृपलानी, विजयालक्ष्मी पंडित त्यांत होत्या.

पण युद्धाला 'नको' म्हटले म्हणजे सगळे एकाच कारणाने म्हणतात, असे नाही. त्याच काळात अमेरिकेत मातांच्या संघटना निघाल्या. आमची मुले परक्यांच्या लढाईत पाठवू नका, ही त्यांची हाक. ऑगस्ट 1940 मध्ये सक्तीच्या लष्करभरतीची बाजू घेणाऱ्या क्लॉड पेपर या सिनेटरचा पुतळा वॉशिंग्टनमध्ये त्यांनी फासावर लटकवला. आईची ती भीती खरीच होती. मात्र त्यांच्या अनेक पुढाऱ्यांच्या भाषणांत ज्यूंबद्दलचा द्वेष ठासून भरलेला होता. मुलाच्या काळजीच्या आडून दुसऱ्याच्या मुलाचा तिरस्कार पेरला जात होता. मुळात हिटलरला कोण रोखणार, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते.

तो प्रश्न आपल्याकडेही सुटला नव्हता. जून 1941 मध्ये हिटलरने रशियावर चाल केली आणि गोदावरीबाईंच्या कम्युनिस्ट पक्षाने काही महिन्यांत आपली भूमिकाच बदलली. साम्राज्यवाद्यांचे युद्ध आता लोकयुद्ध ठरले. ज्या विरोधासाठी तुरुंग पत्करला, तोच आपल्या पक्षाने सोडून दिला, हे गजाआड पचवणे सोपे नसणार.

सोलापूरकरांना या संदर्भात डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. इथे जन्मलेले, 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेलेले. तिकडे जपानी आक्रमणातल्या जखमींवर ते उपचार करत होते, इकडे बायका इंग्रजांच्या युद्धाला पाई द्यायला नकार देत होत्या. दोघांनाही जगाकडे पाठ फिरवायची नव्हती. कोटणीस 9 डिसेंबर 1942 रोजी तिकडेच वारले. वय अवघे 32. मागे चिनी पत्नी गुओ छिंगलान आणि काही महिन्यांचा मुलगा. त्याचे नाव त्यांनी इनहुआ ठेवले होते : इन म्हणजे हिंदुस्थान, हुआ म्हणजे चीन.