जेलच्या मण्यांत जिवंत पेशी : यात धंदा कुठे?

मधुमेहाच्या एका प्रकारात शरीरच आपल्या इन्सुलिन बनविणाऱ्या पेशी मारून टाकते. बाहेरून नव्या पेशी घातल्या, तर त्यांचीही तीच गत होते. यावर उपाय म्हणून या पेशी जेलच्या मण्यात बंद करतात. साखर, प्राणवायू व इन्सुलिन मण्यातून ये-जा करतात, मात्र मारेकरी पेशींना आत शिरता येत नाही. लिम व सन या शास्त्रज्ञांनी १९८० साली मधुमेही उंदरांवर हा प्रयोग केला. अजून तो नित्याचा उपचार झालेला नाही, पण संशोधन जोरात आहे.

मणी एकसारखे हवेत. फार मोठा झाला, तर मधल्या पेशीला प्राणवायू मिळत नाही. म्हणून आता सिलिकॉन रबराच्या लहानशा तुकड्यात केसाएवढ्या बारीक नाल्या कोरलेल्या असतात. मधल्या नालीतून पेशी मिसळलेला अल्जिनेटचा पाक येतो आणि दोन्ही बाजूंनी तेल येते. तेलाच्या दाबाने पाकाचे समान थेंब तुटतात. कॅल्शियम मिळताच थेंब घट्ट होतो. मग मणी लगेच तेलातून काढून पोषक द्रवात सोडावे लागतात, नाहीतर पेशी मरतात.

आता व्यापाऱ्याचा हिशेब करू. मण्याची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग धरली, तर एक मिलिलिटर पाकाचे सुमारे १९ लाख मणी होतात. सेकंदाला हजार मणी पडले, तरी एवढ्यालाच अर्धा तास लागतो! शिवाय प्रत्येक मण्यात एकच पेशी हवी असेल, तर पाक इतका पातळ करावा लागतो की दहातले नऊ मणी रिकामे जातात. प्रयोगशाळेला हे परवडते, कारखान्याला नाही. म्हणून अनेक नाल्या एकाच वेळी चालविण्याची धडपड चालू आहे.

आमच्या मते, आपल्या लोकांनी लक्ष कच्च्या मालाकडे द्यावे. अल्जिनेट तपकिरी समुद्रशेवाळापासून निघते, त्यामुळे जिलेटिनसारखा जनावराच्या कातडी-हाडांचा प्रश्न येथे उद्भवत नाही. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर हे शेवाळ गोळा करून अल्जिनेट बनवितात. सरगॅसम जातीचे शेवाळ रत्नागिरी-मालवणच्या खडकांवरही उगवते. मात्र कापड-छपाईला चालणारे अल्जिनेट येथे चालत नाही. त्यात अशुद्धता राहिली, तर शरीरात सूज येते. खरी किंमत शेवाळाला नाही, शुद्धीकरणाला आहे. या धंद्यात उतरायचे तर मुलांना रसायनशास्त्र शिकवावे. नुसते गोणी भरून विकणाऱ्याच्या हाती मजुरीच लागेल.