थंडीतली केबिन : ऊब हवी, पण हवाही हवी

शेतकरी बंधूंनो, थंडी पडली की आपण द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतो, रात्री पाणी सोडतो, गोठ्याला तट्टे बांधतो, कोंबड्यांच्या शेडला पडदे लावतो. पण रात्रभर उसाची गाडी घेऊन कारखान्याच्या तळावर नंबर लावून बसणाऱ्या ड्रायव्हरचा विचार किती जण करतात? निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रावर डिसेंबर २०१८ च्या अखेरीस पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. अशा रात्री पत्र्याच्या केबिनमध्ये झोपणे म्हणजे काय, ते ज्याने भोगले त्यालाच ठाऊक.

आमच्या गोदाकाठच्या एका कुटुंबाकडे लष्कराच्या लिलावातून फिरत फिरत आलेला जुना शक्तिमान ट्रक आहे. जबलपूरच्या वाहन कारखान्यात जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्याने बनलेली ही गाडी. चिखलातून, ओढ्यातून, उसाच्या फडातून कुठूनही निघते. पण तिच्या केबिनमध्ये आरामाचा विचार फारसा नाही. वर ताडपत्रीचे छप्पर, दारांना फटी, खाली उघडा पत्रा. घरातले दादा मला म्हणाले, "साहेब, गाडी हत्तीसारखी आहे, पण आत बसलं की बर्फाच्या फॅक्टरीत बसल्यासारखं वाटतं. काही करता येईल का?"

मी सांगितले, फटी बुजवा. त्यांनी बुजवल्या, अगदी मन लावून बुजवल्या. पण एक गोष्ट सांगायची माझ्याकडून राहून गेली आणि ती जिवावर बेतली असती. ते पुढे सांगतो. आधी काम कसे करायचे ते पाहू.

आधी गाडी तपासा

केबिनमधली जुनी मॅट, गोणपाट, गाद्या सगळे बाहेर काढा. पत्रा गंजला असेल तर पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइड मारा आणि चांगला वाळू द्या. गंजावर अस्तर चढवले तर आतल्या आत पत्रा सडतो आणि दोन पावसाळ्यांत पाय खाली जातो.

नंतर सायलेन्सरची लाइन पाहा. मॅनिफोल्डचा सांधा काळा पडला आहे का, पाइप कुठे फुटला आहे का, हे मेकॅनिककडून तपासून घ्या. हे दुरुस्त झाल्याशिवाय पुढचे काम करूच नका. धूर गळणाऱ्या गाडीची केबिन बंद करणे म्हणजे विषाची कोठी बांधणे.

फटी शोधायची सोपी युक्ती आहे. रात्री इंजिन बंद ठेवून आत दिवा लावा आणि बाहेरून गाडीभोवती फिरा. जिथून उजेड दिसेल तिथून वारा येतो. क्लच-ब्रेकच्या पेडलांची भोके, स्टिअरिंगचा दांडा, गिअरचा लिव्हर, वायरी जिथून आत येतात ती भोके, दाराच्या खालची कड, या नेहमीच्या जागा. गिअरला रबरी बूट बसवा, वायरींच्या भोकांना रबरी वॉशर लावा, दाराच्या चौकटीला नवे बिडिंग रबर लावा. निम्मे काम इथेच होते आणि खर्चही फारसा येत नाही.

अस्तर कशाचे?

थंडी अडवते ती खरे तर अडकलेली, स्थिर हवा. घोंगडी ऊब देते ती तिच्या लोकरीत हवा अडकते म्हणून. फोमचेही तेच. लोखंडी पत्र्यातून उष्णता फोमच्या हजारपटीहून जास्त वेगाने वाहते. म्हणून नुसत्या पत्र्याची केबिन सूर्य मावळला की लगेच गार होते.

इंजिनच्या बाजूची भिंत सर्वांत महत्त्वाची. तिथे थर्माकोल, गोणपाट किंवा गादीचा साधा स्पंज लावू नका. थर्माकोल वितळतो आणि पेटतो. गोणपाट डिझेल पिते, मग एक ठिणगी पुरते. तिथे काचेच्या लोकरीचा थर घालून वरून पातळ पत्रा मारा. काचेची लोकर हाताळताना तोंडाला फडके आणि हातमोजे हवेतच. ती उघडी ठेवली तर खाज सुटते, खोकला लागतो. वायरी या थराखाली दाबू नका. नळीत घालून बाहेरूनच न्या आणि फ्यूज कुठे आहे ते नजरेसमोर राहू द्या. ज्या गाड्यांचे इंजिन केबिनमध्येच येते, त्यांनी इंजिनवरच्या झाकणाबाबत हीच काळजी घ्यावी.

खाली पत्र्यावर रबरी फोमची शीट आणि तिच्यावर जाड रबरी मॅट. मॅट पक्की बसवा. ती सरकून ब्रेकच्या पेडलाखाली गेली तर थंडी बरी म्हणायची वेळ येईल.

दारांच्या आतल्या बाजूला फोम, वर प्लायवूड, वर रेक्झिन. हे काम गावातला कुशनवाला व्यवस्थित करतो. पण त्याला एक सांगून ठेवा, दाराच्या तळाशी पाणी जायची भोके असतात ती बुजवायची नाहीत. बुजली तर पाणी साठून दार आतून कुजते.

ताडपत्रीच्या छपराला आतून दुसरी ताडपत्री शिवून घ्या, दोन्हींत इंचभर पोकळी ठेवा. ही पोकळी म्हणजेच फुकटची घोंगडी. ताडपत्री काढून पक्के पत्र्याचे छप्पर करायचे असेल तर आधी आरटीओ कार्यालयात विचारा, मगच हात घाला.

काचेतून उष्णता फार जाते. फोमच्या शीटला एका बाजूने चंदेरी कागद चिकटवून काचेच्या मापाचे तुकडे कापून ठेवा. गाडी उभी असेल तेव्हा लावायचे, चालवताना सगळे काढायचे. समोर दिसणे आधी, ऊब नंतर.

माझी चूक

आता राहिलेली गोष्ट. दादांनी हे बहुतेक सगळे केले. डिसेंबरच्या एका रात्री त्यांचा पुतण्या तळावर नंबर लावून थांबला होता. थंडी कडाक्याची. त्याने शेजारच्या शेकोटीतले निखारे घमेल्यात घेतले, घमेले केबिनमध्ये ठेवले, दारे लावली आणि घोंगडी ओढून झोपला. पहाटे नंबर पुढे सरकला तरी गाडी हलेना, म्हणून शेजारच्या ऊसतोड मजुरांनी दार ओढले. पोरगा अर्धवट शुद्धीत होता. डोके फुटतेय म्हणत होता, उलट्या सुरू होत्या. त्यांनी त्याला उचलून मोकळ्यावर आणले आणि लगेच दवाखान्यात नेले. वाचला.

फटी उघड्या होत्या तेव्हा तोच पोरगा तशाच घमेल्याजवळ झोपत होता आणि काही होत नव्हते. फटींतून वारा येई, तसा विषारी वायूही बाहेर जाई. आम्ही ती वाट बंद केली आणि निखाऱ्याचे मात्र कुणी बोललो नाही. कुक्कुटपालकांना "शेगडी लावली तर पडदे वरून थोडे उघडे ठेवा, नाहीतर पिल्ले गुदमरतील" असे दर हिवाळ्यात सांगणारा मी माणसाच्या बाबतीत तेच सांगायला विसरलो. म्हणून हा लेख.

निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नाही, रंग नाही. तो रक्ताला प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. माणसाला वाटते झोप येतेय. झोपेतच खेळ संपतो. असे कुणी दिसले तर आधी दारे उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि दवाखाना गाठा. "बरं वाटेल थोड्या वेळाने" म्हणून थांबू नका.

मग ऊब कशाची?

पहिली ऊब तुमच्याच अंगाची. झोपलेला माणूस शंभर वॅटच्या बल्बाच्या जवळपास उष्णता देतो. अस्तर नीट असेल तर छोट्या केबिनला तिचा मोठा आधार होतो. सोबत घोंगडी, कानटोपी आणि गरम पाण्याची पिशवी. इतके आपल्याकडच्या थंडीला पुरते.

गाडी चालवताना इंजिनच्या गरम पाण्यावर चालणारा हीटर सर्वांत सुरक्षित. पण तो लावण्याआधी थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते पाहा. पुष्कळ जुन्या गाड्यांचा तो काढून फेकलेला असतो. मग इंजिन पुरते तापत नाही आणि हीटर नुसता वारा देतो. उभ्या गाडीत हीटरसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नका, बंद शेडमध्ये तर मुळीच नाही.

झोपताना दोन्ही बाजूंच्या काचा दोन-दोन बोटे खाली ठेवा. थोडा गारवा येईल, येऊ द्या. रात्रभराच्या श्वासातून आणि अंगातून पाव लिटरच्या आसपास पाणी बाहेर पडते. वाट ठेवली नाही तर तेच काचेवर आणि अस्तरात साठते, कुबट वास येतो, पत्रा गंजतो.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड मालट्रकांची केबिन वातानुकूलित असावी असा नियम झाला आहे. चांगलेच झाले. पण आपल्या तळावर उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांना तो लागू नाही. त्यांची काळजी आपल्यालाच घ्यायची आहे.

दादांच्या ट्रकमध्ये आता दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहिले आहे : "निखारे बाहेर, काच दोन बोटे खाली." पुतण्यानेच लिहिले. बंधूंनो, हंगाम सुरू होण्याआधी तुमच्याही गाडीत एवढे लिहून ठेवा.