सिगारेटच्या पाकिटातले खेळाडू



अमेरिकेतल्या लहान गावांच्या बेसबॉल संघांची जुनी चित्रे जमवणे, हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. बेसबॉल आपण खेळत नाही, आणि चित्रे जमवणे हा पोरवयातला उद्योग अशी आपली समजूत असते. खेळाचे नियम मी सांगत बसणार नाही. चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात आणि फटका मारणाऱ्याच्या हाती गोल दांडक्यासारखी बॅट असते, एवढे ठाऊक असले की पुरे. आज पाहायचे आहे ते निराळेच. ज्या माणसांची नोंद ठेवण्याची कोणाला गरज वाटली नाही, आणि एखाद्या वेळी ती ठेवायचीच नाही असे ठरवले गेले, त्यांची नोंद तंबाखूवाल्याने आणि मिठाईवाल्याने कशी ठेवली, आणि ती वाचायची कशी, हा आजचा प्रश्न आहे.

अमेरिकेत धंदेवाईक बेसबॉलच्या दोन पायऱ्या आहेत. वरची मेजर लीग. न्यूयॉर्क, शिकागो, बोस्टन अशा मोठ्या शहरांचे संघ तीत खेळतात. तिच्या खाली मायनर लीगांचा अफाट पसारा. १९०१ साली या लहान लीगांनी आपली राष्ट्रीय संघटना उभारली तेव्हा तीत चौदा लीगा होत्या. १९४९ साली त्या ५९ झाल्या होत्या. पुढे उतरती कळा लागली, आणि २०२१ साली फेररचना झाली तेव्हा मेजर लीगशी जोडलेले संघ १२० च ठेवले गेले. याचा अर्थ असा की, ज्यांना एके काळी स्वतःचा पगारी संघ होता अशा कितीतरी गावांत आज त्या संघाची खूण म्हणून एखादे चित्रच काय ते असेल, आणि तेही असेलच असे नाही.

ही चित्रे निघाली ती खेळाच्या प्रेमातून नव्हे. सिगारेटचे पाकीट तेव्हा पातळ कागदाचे असे आणि आतल्या सिगारेटी मोडत. म्हणून त्यात जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा घालीत. तुकडा घालायचाच तर त्यावर चित्र का नको, हा विचार कोणत्याही व्यापाऱ्याला सुचण्यासारखाच आहे. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने १८८७ ते १८९० या काळात आपल्या ‘ओल्ड जज’ सिगारेटीबरोबर जी चित्रे दिली, ती खरी छायाचित्रे होती, पुठ्ठ्यावर चिकटवलेली. त्या वेळच्या कॅमेऱ्याला हलता चेंडू पकडता येत नसे, म्हणून स्टुडिओत चेंडू दोरीने टांगीत आणि खेळाडू तो झेलल्याचा आव आणीत उभा राही. कित्येक चित्रांत ती दोरी स्पष्ट दिसते. पाठीमागे रंगवलेला पडदा, पायाखाली सतरंजी, आणि चेहऱ्यावर मात्र अटीतटीच्या सामन्यातला भाव! या मालिकेत मोठ्या संघांबरोबर लहान लीगांचेही पुष्कळ खेळाडू आहेत.

१८९० साली पाच मोठ्या सिगारेट कंपन्या एकत्र होऊन अमेरिकन टोबॅको कंपनी झाली. स्पर्धा संपली, आणि लवकरच चित्रेही संपली. गिऱ्हाइकाला लालूच दाखवायची गरज कोणाला उरली होती? पुन्हा चित्रांचा सुकाळ झाला तो १९०९ पासून. त्या कंपनीची जी मालिका संग्राहक ‘टी-२०६’ या नावाने ओळखतात, तीत ५२४ चित्रे आहेत, आणि त्यांतली १३४ लहान लीगांतल्या खेळाडूंची आहेत. लोक बोलतात ते तीतल्या होनस वॅग्नरबद्दल, कारण त्याच्या चित्राला लाखो डॉलर पडतात. पण दक्षिणेतल्या लहान संघांच्या ४८ खेळाडूंची चित्रे मिळवताना मालिका पुरी करू पाहणाऱ्याची खरी दमछाक होते.

१९१० साली ‘ओल्ड मिल’ सिगारेटीबरोबर आलेली मालिका तर सबंध दक्षिणेकडच्या लहान लीगांचीच आहे. आठ भाग, ६४० चित्रे, प्रत्येकाला लाल किनार. ही लाल किनार संग्राहकांचा जीव घेते. कोपरा जरा घासला की आतला पांढरा पुठ्ठा डोकावतो. चित्राखाली आडनाव आणि गाव, एवढीच माहिती. मेज्‌व्हिल या केंटकीतल्या गावच्या संघात ‘स्टेंगल’ नावाचा एक पोरगेला खेळाडू दिसतो. हाच पुढे न्यूयॉर्कच्या यँकीज संघाचा नामांकित व्यवस्थापक झालेला केसी स्टेंगल. न्यू ऑर्लिन्सच्या संघात जो जॅक्सन आहे. हा लिहितावाचता न येणारा असामान्य फलंदाज १९१९ च्या सामनेविक्रीच्या प्रकरणात सापडला आणि खेळातून कायमचा गेला. पण या दोघांच्या शेजारी जे शेकडो दुसरे आहेत, ते एखाददुसरा हंगाम खेळून गिरणीत, शेतावर किंवा दुकानात परत गेले. मला स्वतःला ओढ त्यांचीच अधिक वाटते.

आता पॅसिफिक किनाऱ्याकडे वळू. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉलिन्स-मॅकार्थी या मिठाईवाल्या कंपनीने ‘झीनट’ नावाच्या खाऊबरोबर १९११ पासून १९३८ पर्यंत पॅसिफिक कोस्ट लीगच्या खेळाडूंची चित्रे दिली. पुढे चित्राच्या तळाशी एक कूपन जोडले जाऊ लागले. ते फाडून दिले की बक्षीस मिळे. कोणते शहाणे मूल ते फाडल्याशिवाय राहील? त्यामुळे आज कूपनासकटचे चित्र दुर्मिळ झाले आहे. १९३३ च्या मालिकेत जो डिमॅजिओ आहे. त्याच वर्षी त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या संघातून सलग ६१ सामन्यांत यशस्वी फटका मारण्याचा पराक्रम केला, आणि चित्रावर त्याचे नाव मात्र चुकीचे छापले गेले.

पण झीनटच्या साऱ्या चित्रांत ज्याच्यापाशी थांबलेच पाहिजे, तो खेळाडू फार थोड्यांना ठाऊक आहे. त्याचे नाव जिमी क्लॅक्स्टन. कॅनडात १८९२ साली जन्मलेला, मिश्र वंशाचा हा डावखुरा पिचर. त्या काळी काळ्या माणसाला या लीगांची दारे बंद होती. हा नियम कोठल्या पुस्तकात छापलेला नव्हता, पण छापील नियमापेक्षा तो कडक होता. १९१६ साली क्लॅक्स्टनला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या संघात प्रवेश मिळाला, तो अमेरिकेतल्या मूळ इंडियन जमातीचा आहे या ओळखीवर. २८ मे रोजी एकाच दिवशी दोन सामने होते. दोन्हींत त्याने चेंडू फेकले. आठवडा पुरा होण्याच्या आतच त्याला संघातून काढून टाकण्यात आले. त्याचा वंश उघडकीस आला म्हणून, असे मानले जाते. पण त्या चार दिवसांतच झीनटचा छायाचित्रकार संघाची चित्रे घ्यायला आला होता! त्याने रांगेतल्या इतरांसारखे याचेही चित्र घेतले. कंपनीने ते छापले, आणि पोरांनी खाऊबरोबर ते घरी नेले. अमेरिकेत बेसबॉलच्या चित्रपत्त्यावर आलेला पहिला काळा खेळाडू म्हणून आज क्लॅक्स्टनचे नाव घेतले जाते. जॅकी रॉबिन्सन मॉन्ट्रियलच्या संघातून इंटरनॅशनल लीगमध्ये उतरला तो १९४६ साली, म्हणजे मध्ये तब्बल तीस वर्षे गेली.

ही बंदी आली कशी, हे सांगायला संघांच्या समूहचित्रांकडे यावे लागते. १८८७ साली सिराक्यूज या गावच्या संघात रॉबर्ट हिगिन्स हा काळा पिचर होता. जून महिन्यात संघाचे छायाचित्र काढायचे ठरले, तेव्हा डग क्रॉदर्स या गोऱ्या पिचरने हिगिन्सबरोबर चित्रात बसायला साफ नकार दिला. व्यवस्थापकाशी हातघाईपर्यंत प्रकरण गेले, आणि क्रॉदर्सला निलंबित करण्यात आले. इथपर्यंत न्याय झाला म्हणायचा. पण त्याच वर्षी १४ जुलैला इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी बहुमताने ठरवले की, यापुढे काळ्या खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत. एका खुर्चीवरून सुरू झालेला तंटा कोठे जाऊन पोचतो तो पाहा. म्हणून संघाचे जुने चित्र हाती आले की कोण बसले आहेत हे मोजावे, आणि संघाच्या यादीतला कोण बसलेला नाही हेही मोजावे.

अशी चित्रे वाचण्याच्या काही युक्त्या आहेत. सदऱ्यावरची अक्षरे गावाचे नाव सांगतात, पण एकाच नावाची गावे अमेरिकेत डझनाने आहेत. त्यापेक्षा पुठ्ठ्यावर छापलेले छायाचित्रकाराचे नाव अधिक उपयोगी. त्या काळी प्रत्येक शहराची पत्त्यांची पुस्तके निघत. अमुक रस्त्यावर त्या छायाचित्रकाराचे दुकान कोणत्या वर्षी होते हे त्यांत पाहिले की चित्राचे वर्ष दोनतीन वर्षांच्या अंतरात सापडते. हॅट घालून मध्ये बसलेला गृहस्थ बहुधा व्यवस्थापक असतो; पुढे सतरंजीवर बसलेला पोरगा किंवा कुत्रा, तो संघाचा शुभशकुन! नावे मिळवायची तर त्या गावच्या वर्तमानपत्रांचे जुने अंक चाळावे लागतात.

जिथे पैसा तिथे लबाडी, हे सांगायला नकोच. खरे छायाचित्र भिंगाखाली एकसंध दिसते. छापील नक्कल असेल तर ठिपके दिसतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कागदात पांढरेपणासाठी घातलेली द्रव्ये असतात, आणि अतिनील दिव्याखाली असा कागद निळसर चमकतो. कडा छाटून जुने चित्र नव्यासारखे करण्याची विद्या तर फार पुढे गेली आहे. वॅग्नरच्या सर्वांत गाजलेल्या प्रतीच्या कडा आपण छाटल्या होत्या, असे एका व्यापाऱ्याने २०१३ साली न्यायालयात कबूल केले. तरी छाटणी परवडली. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाला १९२१ साली मिळालेल्या स्पॉल्डिंग संग्रहातली कितीतरी छायाचित्रे चोरीस गेली. आजही जाणता संग्राहक जुन्या चित्राची मागची बाजू आधी पाहतो, ती तेथे ग्रंथालयाचा शिक्का खरवडलेला तर नाही ना, यासाठी.

योगायोग असा की, या साऱ्या छंदाला शिस्त लावणारा माणूसही सिराक्यूजचाच. जेफर्सन बर्डिक हा तेथल्या विजेच्या सामानाच्या कारखान्यात नोकरी करणारा एकटा गृहस्थ. संधिवाताने त्याची बोटे वाकडी झालेली. खेळाचा म्हणून त्याला फारसा नाद नव्हता. त्याला नाद होता छापील तुकड्यांचा. त्याने सगळ्या चित्रांची यादी छापली, आणि प्रत्येक मालिकेला अक्षर व आकडा दिला. ‘टी-२०६’ मधला ‘टी’ त्याचाच. १९४७ पासून त्याने आपला तीन लाखांहून अधिक तुकड्यांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला, आणि तेथे बसून स्वतःच्या हाताने तो वह्यांत चिकटवला. जानेवारी १९६३ मध्ये काम संपले, मार्चमध्ये बर्डिक गेला.

आता किमतीचे एक उदाहरण सांगतो, नाहीतर आपण विचारालच. १९१४ साली बाल्टिमोर न्यूज या वर्तमानपत्राने गावच्या संघाची चित्रे काढली. मागे सामन्यांचे वेळापत्रक. त्यात एकोणीस वर्षांचा बेब रूथ आहे. प्रती सुमारे दहाच माहीत आहेत. त्यांतली एक पेपर टाकणाऱ्या एका मुलाने जपून ठेवली होती. २०२३ साली ती ७२ लाख डॉलरला गेली. पण त्याच संघातल्या दुसऱ्या खेळाडूंचे काय? दुर्मिळ तर तीही चित्रे आहेत, मग त्यांना ती किंमत का नाही? याचे उत्तर बाजारापाशी सरळ आहे: ते बेब रूथ नव्हते. संशोधकाला मात्र तेवढ्यावर थांबता येत नाही. तो आडनाव घेऊन जनगणनेची पाने, लष्करभरतीचे कागद आणि गावच्या दफनभूमीतले दगड पाहत हिंडतो. जुन्या लहान लीगांच्या नोंदींत आजही कितीतरी खेळाडूंपुढे नुसते आडनाव आहे आणि पहिल्या नावाची जागा कोरी आहे.