व्हेंटिलेटरच्या आधीचे उपचार: हाय-फ्लो ऑक्सिजन आणि बायपॅप

कोविड किंवा स्वाइन फ्लूसारख्या आजारात कधी कधी दोन्ही फुफ्फुसांना सूज येते. हवेच्या बारीक पिशव्यांमध्ये, म्हणजे वायुकोशांमध्ये, द्रव साठतो आणि रक्तातील ऑक्सिजन कमी होतो. साध्या मास्कने भागत नाही, तेव्हा घशात नळी न घालता पुढील उपचार करता येतात.

हाय-फ्लो ऑक्सिजन
साध्या नाकातील नळीतून मिनिटाला साधारण ५-६ लिटर ऑक्सिजन देता येतो. हाय-फ्लो यंत्रातून ऑक्सिजनमिश्रित हवा ६० लिटरपर्यंत मिळते. ती गरम आणि दमट केलेली असल्याने नाक कोरडे पडत नाही. रुग्णाला बोलताही येते.

सीपॅप आणि बायपॅप
यात घट्ट मास्कमधून दाबाने हवा दिली जाते. त्यामुळे मिटू पाहणारे वायुकोश उघडे राहतात. सीपॅपमध्ये दाब कायम सारखा असतो. बायपॅपमध्ये श्वास घेताना तो वाढतो. ब्रिटनमध्ये कोविडच्या रुग्णांवर झालेल्या 'रिकव्हरी-आरएस' या अभ्यासात नळी घालावी लागणे किंवा मृत्यू होणे, याचे प्रमाण साध्या ऑक्सिजनवर ४४ टक्के, तर सीपॅपवर ३६ टक्के होते. मास्कमुळे सुरुवातीला घुसमटल्यासारखे वाटू शकते आणि नाकावर व्रणही पडू शकतो.

मॉनिटरवर ९४ दिसले म्हणजे धोका टळला का?
नाही. साध्या हवेत असलेले ९४ आणि ८० टक्के ऑक्सिजन देऊन मिळालेले ९४ यांत मोठा फरक आहे. म्हणून डॉक्टर श्वासाचा वेग, लागणारे कष्ट आणि रुग्णाची शुद्धही पाहतात.

या उपचारांनी विषाणू मरत नाही. फुफ्फुसे सावरायला वेळ मिळतो. तरीही रुग्ण थकत असेल किंवा गुंगीत जात असेल, तर व्हेंटिलेटर लांबवणे धोक्याचे ठरते. डॉक्टरांनी व्हेंटिलेटरसाठी संमती मागितली, याचा अर्थ आशा संपली असा नाही. 'आणखी एक दिवस वाट पाहू' म्हणण्याआधी, थांबण्यात धोका किती, हे त्यांना जरूर विचारा.

नातेवाइकांनी काय करावे?
• पाणी किंवा घास देण्यासाठीही मास्क स्वतः काढू नका, नर्सला सांगा.
• डॉक्टरांनी पालथे झोपायला सांगितले असेल, तर रुग्णाला धीर द्या.
• रुग्ण असंबद्ध बोलू लागला, फार झोपाळू झाला किंवा त्याची धाप वाढली, तर लगेच कळवा.